चुडीवाली रिंग

गोवर्धन गेला आणि कॅमेरा राहिला.

तिरोड्याच्या रस्त्यावर ट्रकची धडक बसली तेव्हा कॅमेऱ्याची पिशवी त्याच्या पाठीवरून उडून बाजूच्या बांधीत, उभ्या धानात पडली. चिखल मऊ होता. कॅमेऱ्याला ओरखडाही आला नाही, त्याच्यापुढचा लेन्स तेवढा आतून चिरला. लोकांनी पिशवी घरी आणून दिली तेव्हा रुख्मानं, त्याच्या बायकोनं, ती उघडून आतला चिखल ओल्या फडक्यानं पुसला आणि मग पुसतच राहिली. शेवटी कोणीतरी तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.

आता ते धान कापून, चुरून घरोघरी आलं होतं. दवनीवाड्यात थंडी पडली होती आणि देवळात सप्ताह बसला होता. रुख्मा सगळं करत होती. सकाळी उठत होती, सडा टाकत होती, सासूला चहा देत होती, कोणी काही विचारलं तर उत्तर देत होती. फक्त कशाचं काही वाटत नव्हतं. पाय झोपला की चिमटा काढूनही तो आपलाच आहे हे कळत नाही ना, तसं. संध्याकाळी कीर्तनाला जाऊन बसायची तेव्हाही तेच. पूर्वी महाराजांनी नुसती चाल बदलली तरी हिच्या डोळ्यांना धार लागायची. आता मृदंग वाजायचा, टाळ वाजायचे, शब्द कानापर्यंत येऊन दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे थांबायचे. आत या म्हणायला घरात कोणी नव्हतं.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं, आणि त्याचे फोटो दरवर्षी गोवर्धन काढायचा. ज्यानं काल्याचे फोटो काढले त्यालाच पुढच्या लगीनसराईत गावातलं काम, अशी इथली रीतच होती. म्हणून सप्ताह सुरू झाला त्याच दिवशी मंडळाचा अध्यक्ष शालीकराम घरी आला आणि ओसरीवर बसून गोवर्धनच्या धाकट्या भावाला, वीरेंद्रला म्हणाला, "काल्याले यंदा गोंदियाचा फोटोवाला आणून राहिलो गा. त्याले तुमचा कॅमेराबी विकत पायजे. लेन्सबिगर असला तरी चालंन म्हणते. उगा पडून कायले राहू देता?"

"हो ना," वीरेंद्र म्हणाला. "बुरशी लागून जाईन." त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता. भावाची ती काळी पिशवी खुंटीवर दिसली की तो पानावरून उठून जायचा, एवढंच.

रुख्मा चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "काल्याचे फोटो मी काढतो."

शालीकरामनं कप उचललाच नाही. "तू?"

"लगनात मीच तं लाइट पकडाची. अर्धे फोटो मीच काढत होतो. ते जेवाले बसले की."

"आवो पण लेन्स फुटला ना."

"त्याइचा जुना आहे पेटीत. रीलवाल्या कॅमेऱ्याचा. हातानं फिरवाचा."

"तो बसते का याले?"

"मधात एक रिंग लागते म्हणत होते."

शालीकरामनं वीरेंद्रकडे पाहिलं, वीरेंद्रनं जमिनीकडे. "पाय बाई," शालीकराम म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळी मले दाखव, बसते का नाही बसत. बसला तं तू काढ, माही ना नाही. नाही बसला तं आयतवारी गोंदियावाला येईन आन् जाताना कॅमेरा घेऊन जाईन. मंग रडाचं नाही."

"रडत नाही मी," रुख्मा म्हणाली. ते खरंच होतं.

आपण असं का बोललो हे तिला सांगता आलं नसतं. या घरात आपल्या हाताला येणारी एवढी एकच वस्तू आहे, तीही गेली तर हात कुठे ठेवायचे, एवढं मात्र तिला स्वच्छ दिसत होतं.

गोवर्धन सगळं सामान गोंदियात मुन्नाभाईच्या दुकानातून आणायचा. गोवर्धनचा मोबाइल रस्त्यावरच चुरा झाला होता, वीरेंद्रचा आणि रुख्माजवळचा दोन्ही साधे बटनांचे, फोटो पाठवायची सोय नाही. तिनं फोन लावला.

"हां भाभी, बोला." मुन्नाभाई तेरवीला येऊन गेला होता. त्यानं आवाज खाली केला. "घर में सब ठीक?"

"ठीक. रिंग पायजे होती. जुना लेन्स नव्या कॅमेऱ्याले लावाची."

"अडॅप्टर बोलो ना. मिल जाएगा. कॅमेरा तं मीच दिला, मालूम आहे. लेन्स कोन्ता? समोर काचेच्या भोवताल गोल लिवलं असंन, वाचा."

अक्षरं अर्धी घासून गेली होती. उरलेली तिनं एक एक करून वाचली.

"अच्छा, ये वाला. पंगा है. या कंपनीनं दोन्ही टाइपचे काढले." मग त्यानं दुकानात कोणाला तरी काही सांगितलं आणि परत फोनवर येऊन विचारलं, "भाभी, चुडी है क्या?"

रुख्मानं हातातला लेन्स खाली ठेवला.

"हॅलो? चुडी आहे का नाही, भाभी?"

मोकळ्या झालेल्या हाताच्या मनगटाकडे तिनं पाहिलं. गेल्या काही महिन्यांत सगळे हेच विचारत होते. बँकेतल्या बाईनं कागद मागायच्या आधी हाताकडे पाहिलं होतं. विहिरीवर एक म्हणायची, काऊन वं काढल्या चुड्या, आता कोण काढते. आणि दुसरी म्हणायची, बरं केलं, लोक नाव नाही ठेवत. आता कॅमेऱ्याचं सामान घ्यायचं तर तिथेही हे सांगावं लागत असेल. लागत असेल तर असेल.

"नाही," ती म्हणाली.

"देख के बोलो. हात लावून पाहा. एक बार मंगवाया तो वापस नहीं होता."

फोन धरलेल्या हाताचं मनगट तिनं मोकळ्या हाताच्या बोटांनी चाचपून पाहिलं. गार होतं.

"नाही म्हणलं ना."

"मंग लॉकवाला आहे. ठीक. वीरेंद्र के हाथ भेजता हूँ."

वीरेंद्र रोज गोंदियाला खताच्या दुकानात कामाला जायचा. गुरुवारी तो डबी घेऊन आला. आत एक काळी रिंग, हातातल्या कड्याएवढी. निर्मलाबाई, म्हणजे रुख्माची सासू, चुलीपाशी तांदळाच्या पिठाची भाकर थापत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"अडॅप्टर म्हणजे मोबाइल चार्जिंगचं ना वं?"

"हे दुसरं, आत्या."

रिंग कॅमेऱ्यावर टक् करून बसली. लेन्स मात्र रिंगवर बसेना. रुख्मानं तो उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला, दाबून पाहिला. तो नुसता गोल गोल फिरून हातात परत येत राहिला. वीरेंद्र उभा राहून बघत होता.

"आण इकडे," निर्मलाबाई म्हणाल्या आणि पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी लेन्स उलटा केला. "हे पाय. याच्या बुडाले आटे आहेत, लोणच्याच्या बरणीवानी. आन् हे तुहं आणलेलं, हे कुकरचं झाकण आहे. खाचेत घालून वळवाचं. बरणीले कुकरचं झाकण बसंन का?"

"मंग मी त्या गोंदियावाल्याले फोन करतो, वयनी," वीरेंद्र हळूच म्हणाला.

"थांबा भाऊजी. शुक्रवार सरला नाही."

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ती गोंदियाला गेली. मुन्नाभाईच्या दुकानात एक पोरगी पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसली होती. मुन्नाभाईनं तिला थांबवून लेन्स हातात घेतला, उलटा केला, आणि कपाळावर हात मारला.

"भाभी! ये क्या है?"

"काय?"

"ये! मैंने पूछा था ना फोन पे, चुडी है क्या? दो बार पूछा. तुमी म्हणल्या नाही. ही चुडीच तं आहे ना! कित्ती साफ चुडी आहे, अभी भी नयी जैसी." त्यानं बुडाच्या आट्यांवरून नख फिरवलं. किर्र असा बारीक आवाज झाला. "स्क्रू की चुडी. चुडीवाला लेन्स, लॉकवाला लेन्स. तुमी तं हात लावून पाहून नाही म्हणल्या!"

रुख्मा त्या आट्यांकडे पाहत राहिली. गावात याला आटेच म्हणतात. गोंदियात दुकानादुकानात हिंदी, तिथे नळाच्या आट्यालाही चुडी.

"मी माह्या हाताले लावून पाहिला," ती म्हणाली.

"हाथ को कायले?"

तिचा नुसता हात काउंटरवर होता, तो तिनं तिथेच राहू दिला. मुन्नाभाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा त्रागा हळूहळू कुठेतरी निघून गेला. स्टुलावरची पोरगी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली.

"अरे राम," तो म्हणाला. "भाभी, मैं तो... माफ करा."

आणि तेवढ्यात रुख्माला हसू आलं. उचकी यावी तसं, न विचारता. एकदा आलं, पुन्हा एकदा आलं, आणि संपलं. मुन्नाभाई घाबरला. त्यानं चहा मागवला. चहा येईपर्यंत तो खालच्या कपाटात डोकं घालून बसला, आणि वर आला तेव्हा त्याच्या हातात दोन रिंगा होत्या.

"आता नीट पाहून घ्या. दोन्ही चुडीवाल्या." शब्द तोंडातून गेला आणि त्यानं जीभ चावली. "म्हणजे... आटेवाल्या."

"चुडीवाल्याच म्हणा. समजलं मले."

"ही पतली आहे. हिनं दूरचं सगळं साफ येते, एकदम क्षितिजापर्यंत. पण ढिल्ली. कॅमेऱ्यावर जरा हालते, पाहा." त्यानं लावून दाखवली. लेन्स धरला की कुचकुच हलत होता, गोवर्धनच्या मोटरसायकलच्या आरशासारखा. "आन् ही टाइट आहे, पक्की. पण बनवणाऱ्यानं जरासी मोटी बनवली. बालभर, केसाएवढी. त्या बालभरच्या चक्कर में दूरचं साफ येत नाही. पंधरा हात, हद्द वीस हात, तिथपर्यंत मस्त. त्याच्या पल्याड सब धुंधला, कितीबी फिरवा. बढ़िया वाली बाहेरून मंगवावं लागंन, हप्ता जाएगा."

"आयतवारी काला आहे."

"तो इन दो में से."

तिनं दोन्ही रिंगा हातात घेतल्या. खरं तर निवडण्यासारखं काही वाटत नव्हतं. जगात निवडण्यासारखं काही आहे असंच कित्येक दिवस वाटलं नव्हतं. पण हलणारी रिंग बोटांना नको झाली.

"घट्ट बसते ती द्या."

"दूरचं नाही येणार हां. सोच लो. मंडप बड़ा आहे ना तुमचा?"

"मले दूरचं काही काढाचं नाही."

त्यानं ती रिंग लावली आणि बटन दाबलं. कॅमेरा मुका. पडद्यावर लेन्स नाही अशी सूचना आली. "जुना लेन्स आहे, याला वायर-फायर काही नाही," मुन्नाभाई सांगू लागला. "कॅमेऱ्याला वाटते समोर कोणी नाहीच. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सांगून ठेवाचं, लेन्स नसला तरी फोटो घे. हे पाहा, इथं. आन् जे साफ असंन त्याच्या कडेला लाल लकीर दिसंन. लकीर दिसली की दाबा."

संध्याकाळी कीर्तनाआधी तिनं शालीकरामला कॅमेरा दाखवला. त्याचाच एक फोटो काढून दाखवला. शालीकराम बराच वेळ स्वतःच्या मिशा बघत राहिला. "बसला म्हणाचा," तो म्हणाला. "पण आयतवारी माह्या लोकाइसमोर फजिती नको, बाई. गोंदियावाल्याले मी अजून नाही नाही म्हणलं. आयतवारी दुपारी तो फोन करणार आहे वीरेंद्रले, कॅमेऱ्यासाठी."

रविवारी सकाळपासून मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. काल्याचं कीर्तन ज्यानं ऐकलं आहे त्याला सांगायला नको. सात दिवस देवाचं नाव घेऊन घेऊन गावाचा गळा बसलेला असतो, आणि त्या बसलेल्या गळ्यातूनच त्या दिवशी सगळ्यात गोड आवाज निघतो. नवेगाव बांधचे केशोराव महाराज उभे होते. मागे वीणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मोकळी वाट, आणि वर आडव्या बल्लीला दह्याची हंडी.

रुख्मा मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेजवळ खांबाला टेकून उभी राहिली. तिथून काढायचं, असंच तिनं ठरवलं होतं. समोर कीर्तन, हळदीकुंकू लावलेला कलश, मानाच्या सवाष्णी. तिथे आपण कशाला.

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्स फिरवला. जवळच्या बायकांच्या अंबाड्यांना लाल रेघा आल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या टोप्यांना आल्या. अजून फिरवला. लेन्स थांबला, पुढे जाईना, आणि महाराज तसेच पाण्यातून दिसावेत तसे, पांढरा डाग, वर तुऱ्यासारखा फेटा. पुन्हा मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. डागच.

बाजूच्या कनातीपाशी वीरेंद्र उभा होता. तिचा हात थांबलेला त्याला दिसला असावा. त्यानं खिशातला मोबाइल काढून हातात घेतला.

महाराज सांगत होते, "यमुनेच्या काठी सगळे गोपाळ शिदोऱ्या सोडून बसले. देव एकेकापाशी जाते. काय आहे रे तुह्या शिदोरीत? तो म्हणते, पुरी आहे. देव पुढं जाते. दुसऱ्यापाशी, काय आहे? तो म्हणते, खीर आहे. देव पुढं जाते. एक पोरगं कोपऱ्यात शिदोरी झाकून बसलं आहे. अरे, तुह्यात काय? ते म्हणते, देवा, रातचा शिळा भात आहे, तोबी गार. मीठबी नाही. देव तिथं मांडी घालून बसते. म्हणते, आण, हेच पायजे होतं."

मंडप हसला, आणि हसता हसता टाळ वाजले. रुख्माच्या आत त्याचं काही झालं नाही. तिनं फक्त अंतर मोजलं. खांबापासून महाराज चाळीस हात तरी होते.

मग ती निघाली. धैर्य वगैरे काही नव्हतं. बादलीत पाणी कमी आहे म्हणून माणूस विहिरीकडे जातो तशी निघाली. बायकांच्या गुडघ्यांमधून, पोरांच्या डोक्यांवरून, टाळकऱ्यांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या वाटेत. पांढऱ्या साडीचा काठ कोणाच्या तरी पायाखाली आला, तो तिनं ओढून घेतला. मंडपातली कुजबूज बंद झाली असं तिला वाटलं. कोण काय म्हणेल याची ती वाट पाहू लागली. तिला ती सवय होती.

"अवो!"

टाळकऱ्यांतला म्हातारा उदाराम. त्यानं टाळ थांबवले नव्हते, मानेनंच खूण करत होता.

"अवो फोटोवाली! बस ना खाली! मागच्याइले महाराज दिसून नाही राहिले!"

"हो ना," मागून एक बाई ओरडली. "गोवर्धन असाच उभा राह्यचा उंटावानी. आता हे दुसरं आलं!"

चारदोन लोक हसले. महाराजांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांचा देव शिळा भात खात होता. रुख्मा मटकन खाली बसली. लेन्स फिरवला. महाराजांच्या फेट्याला, नाकाला, वर उठलेल्या बोटांना लाल रेघ आली, आणि तिनं बटन दाबलं. मग पुन्हा दाबलं. उदारामचे डोळे मिटलेले. मृदंगवाल्याच्या गालावरून उतरणारा घाम. एक गाल फुगवून लाह्या चघळणारं पोर. सगळं जवळ होतं, सगळं साफ होतं.

हंडी फुटायची वेळ आली तसा मंडप उभा राहिला. पोरांचा थर चढला. काठी बसली, मडकं फुटलं, दही आणि लाह्या धो धो खाली आल्या, आणि पोरं प्रसादासाठी तिच्या अंगावरूनच धावली. कोणाचा तरी दह्यानं भरलेला हात थेट कॅमेऱ्यावर आला.

"ए हटा! लेन्सवर पडून राहिलं ना रे! दिसत नाही का, काम चालू आहे!"

केवढ्यानं ओरडली ती. टाळांच्या वर तिचा आवाज गेला. पोरं दोन पावलं मागे सरली. कनातीपाशी उभ्या वीरेंद्रनंही तो ऐकला. त्याच्या हातातला मोबाइल त्याच वेळी वाजत होता. त्यानं एका कानात बोट घालून फोन घेतला.

"हां भाऊ, बोला... नाही, आत्ता नाही होणार. वयनी कामात आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. वीरेंद्रनं मंडपाच्या मध्याकडे पाहिलं, तिथे ती गुडघ्यावर बसून महाराजांच्या ओंजळीतला काला टिपत होती. "संध्याकाळीबी नाही, भाऊ. विकाचाच नाही. तिलेच लागते तो."

दुपारी पंगत बसली. रुख्मा रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत फोटो काढत होती. दूरच्या पंगतीचे धूसर येत होते, म्हणून एकेका पत्रावळीपाशी जाऊन बसावं लागत होतं. आत अजून सगळं तसंच होतं, गार आणि गप्प. शालीकरामच्या पानापाशी ती आली तेव्हा त्याचं तोंड भाजीनं भरलं होतं. त्यानं हातानं नको नको केलं, कसाबसा घास गिळला आणि म्हणाला, "खाता खाता नको वं काढू! आन् ऐक, हंडीचा आला का?"

"हंडी वर होती. धूसर आली."

"दरसाली तसीच येते," शालीकराम म्हणाला. "खाली कोण कोण होतं, ते आलं का?"

"ते आलं."

"मंग झालं. माघात आमच्या पोरीचं लगन आहे, तिथं असंच जवळून काढजो. ते घरचे सगळे येऊन दूर उभे राहतात, कोणाचं तोंडच दिसत नाही."

तिनं मान हलवली आणि पुढच्या पानाकडे सरकली.